दोन चिठ्ठ्या, बारा चौकटी आणि तीन उत्तरं

प्रश्न असा आहे. नागपूरच्या एका शिकवणी वर्गात फळ्यावर कोडं लिहिलं होतं. तीन मुलांनी तीन वेगळी उत्तरं काढली. चौथा म्हणतो, ‘मला माहीत नाही’ असं दोघं एकमेकांना सांगत बसले तर त्यातून कोणाला काय कळणार? बरोबर कोण, आणि अशी कोडी सोडवायची नेमकी रीत काय?

आधी कोडं सांगतो. मावशीनं भाचरांना तर्री पोहे खायला न्यायचं ठरवलं. जागा आणि वार मनात पक्के केले, पण सांगितले नाहीत. शक्यता तेवढ्या दोघांसमोर वाचून दाखवल्या, एकूण बारा:

फुटाळा: मंगळवार, गुरुवार
अंबाझरी: मंगळवार, बुधवार, शुक्रवार
धरमपेठ: बुधवार, शुक्रवार
महाल: गुरुवार, शनिवार, रविवार
सदर: सोमवार, रविवार

मग मुक्ताला चिठ्ठीवर फक्त जागा लिहून दिली आणि ओंकारला फक्त वार. कोणाच्या चिठ्ठीत काय प्रकारची माहिती आहे हे दोघांनाही ठाऊक. दोघांनी चिठ्ठ्या वाचल्या. थोडा वेळ कोणीच बोललं नाही. मग:

मुक्ता: मला वार काही समजून नाही राहिला. तुलाही जागा समजली नसेल.
ओंकार: हो, अजूनही नाही समजली.
मुक्ता: मग मला समजलं!
ओंकार: आता मलाही.

कुठे आणि कधी? एकाचं उत्तर फुटाळा–मंगळवार, दुसऱ्याचं महाल–गुरुवार, तिसऱ्याचं सदर–रविवार. तिघांचंही गणित चोख आहे. तिघांनी वाक्यं वेगवेगळी वाचली, आणि कोडं लिहिणाऱ्यानं तशी वाचायला जागा ठेवली. हे कसं झालं ते पाहायचं तर आधी रीत.

एक कागद घ्या, उभे सात वार, आडव्या पाच जागा आखा आणि ज्या बारा जोड्या शक्य आहेत तिथे टिंब द्या. पेन्सिल वापरा, खोडरबर जवळ ठेवा. हा तक्ता मुक्ताचा नाही, ओंकारचाही नाही, तो चव्हाट्यावरचा तक्ता आहे. त्यावर फक्त तेच खोडायचं जे दोघांच्या तोंडून मोठ्यानं निघालेल्या वाक्यांवरून कोणाही तिऱ्हाइताला खोडता येईल. चिठ्ठीत काय आहे हे त्यात आणायचं नाही. सोडवणाऱ्यांचं सगळ्यात जास्त इथेच बिनसतं. ‘समजा मुक्ताकडे महाल आहे’ असं धरून सुरुवात होते, तीन पायऱ्यांनंतर आपण ते धरलं होतं हेच विसरायला होतं, आणि मुक्ताला जे माहीत ते ओंकारलाही माहीत असल्यासारखं पुढे लिहिलं जातं.

आता वाक्य ऐकलं की एकच विचारायचं: यानं कोणती टिंबं गेली? वाक्यांचे मोजके प्रकार आहेत आणि प्रत्येकाची खोडायची तऱ्हा ठरलेली आहे.

ओंकार म्हणाला, ‘मला जागा माहीत नाही’. ज्या वाराच्या उभ्या रांगेत एकच टिंब उरलं आहे, तो वार त्याच्याकडे असता तर त्याला जागा कळली असती. म्हणून ते एकटं टिंब खोडा. आपल्या तक्त्यात सोमवारी फक्त सदर आहे आणि शनिवारी फक्त महाल. ही दोन टिंबं जातात, बाकी दहा जागच्या जागी. मुक्ता ‘मला वार माहीत नाही’ म्हणाली तर हेच आडव्या रांगांना लावायचं.

‘मला कळलं’ हे याच्या उलट. बोलणाऱ्याच्या रांगेत जी टिंबं एकटी आहेत तेवढीच ठेवा, बाकी सगळी खोडा.

तिसरा प्रकार जास्त धारदार आहे: ‘तुला माहीत नाही हे मला नक्की ठाऊक आहे.’ मुक्ता असं म्हणते तेव्हा तिच्याकडे महाल असू शकत नाही. कारण महाल असता तर ओंकारकडे शनिवार असण्याची शक्यता उरली असती, आणि शनिवार असता तर त्याला जागा कळलेली असती. मग मुक्ताला खात्री कुठून येणार? म्हणून महालची अख्खी आडवी रांग जाते, त्यातले गुरुवार आणि रविवारसुद्धा. सोमवारमुळे सदरची रांगही तशीच जाते. पहिल्या प्रकारात दोन टिंबं गेली होती, इथे एका झटक्यात पाच. नवख्या माणसाला ही दोन वाक्यं सारखी वाटतात आणि तो इथेही दोनच टिंबं खोडतो. या जातीच्या कोड्यांत चुकलेल्या उत्तरांचा मोठा वाटा या एका गफलतीचा असतो.

चौथाही प्रकार आहे, ‘तुला माहीत आहे हे मला ठाऊक आहे’, पण तो क्वचित येतो. तेव्हा फक्त त्या रांगा ठेवायच्या ज्यांतलं प्रत्येक टिंब समोरच्याच्या रांगेत एकटं आहे.

या हत्यारांनी तिन्ही उत्तरं पाहू.

पहिला मुलगा: ‘नसेल’ म्हणजे मुक्ताची खात्री, ती स्वतःच्या चिठ्ठीवरून आलेली. मग महाल आणि सदर या रांगा पूर्ण गेल्या, सात टिंबं उरली. ओंकार म्हणतो अजूनही नाही. आता गुरुवारच्या रांगेत फक्त फुटाळा उरला होता, म्हणजे गुरुवार असता तर त्याला कळलं असतं. फुटाळा–गुरुवार खोडा. उरली सहा: फुटाळ्याला मंगळवार, अंबाझरीला मंगळवार, बुधवार, शुक्रवार, धरमपेठला बुधवार, शुक्रवार. मुक्ता म्हणते समजलं. आडव्या रांगेत एकटं टिंब फुटाळ्याचंच. फुटाळा–मंगळवार.

दुसरा मुलगा ‘थोडा वेळ कोणीच बोललं नाही’ या वाक्यावर अडला. त्याचं म्हणणं, कळलं असतं तर ओंकार लगेच ओरडला असता. म्हणजे त्याची शांतता हेच ‘मला माहीत नाही’. सोमवार आणि शनिवारची टिंबं गेली, दहा उरली. मुक्ताची शांतता काही खोडत नाही, कारण सुरुवातीला प्रत्येक जागेला निदान दोन वार आहेत. मग मुक्ता बोलते, मला वार समजला नाही. सदरला आता फक्त रविवार उरला होता, तोही गेला. ओंकार: अजूनही नाही. रविवारच्या रांगेत फक्त महाल उरला होता, तो खोडा. आठ उरली. मुक्ता: समजलं. महालला आता एकटा गुरुवार आहे. महाल–गुरुवार.

तिसऱ्यानं शांतता सोडून दिली आणि ‘नसेल’ला अंदाज मानलं. मुक्ता म्हणते मला वार माहीत नाही. यानं काहीच जात नाही. पुढचा अंदाज म्हणजे नुसतं बोलणं, त्यानंही काही जात नाही. ओंकार म्हणतो नाही. सोमवार, शनिवारची टिंबं गेली. मुक्ता: समजलं. सदरला एकटा रविवार. सदर–रविवार.

निवाडा द्यायचाच तर असा देतो. कोड्यांच्या रूढीप्रमाणे पात्रं अंदाज करत नाहीत, जे बोलतात ते खात्रीचं असतं, आणि संवादाबाहेरचं काही पुरावा धरायचं नसतं. त्या रूढीनं फुटाळा–मंगळवार, आणि लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा तेच असावं. पण मराठी म्हणून वाचलं तर ‘नसेल’ हा अंदाजच आहे, खात्री दाखवायला आपण ते रूप वापरत नाही. त्यामुळे सदर–रविवार म्हणणाऱ्याला चूक ठरवायला मी तयार नाही. महाल–गुरुवारला माझा आक्षेप वेगळा आहे: शांततेला माप नसतं. ‘थोडा वेळ’ म्हणजे एक फेरी की तीन? एक किंवा दोन फेऱ्या धरल्या तर वरचं उत्तर निघतं. तीन फेऱ्या धरल्या तर सदर–रविवार आणि महाल–रविवार त्या शांततेतच गेले असते आणि उत्तर फुटाळा–मंगळवार आलं असतं. घड्याळ किंवा घंटा ठेवल्याशिवाय मौनाला विधान मानू नये.

असा घोळ होण्याची ही पहिली वेळ नाही. २०१५ च्या एप्रिलमध्ये सिंगापूरच्या एका शालेय गणित स्पर्धेतलं वाढदिवसाचं कोडं जगभर फिरलं. दहा तारखा, एकाला महिना सांगितलेला, दुसऱ्याला दिवस. अपेक्षित उत्तर १६ जुलै होतं, पण कित्येकांनी १७ ऑगस्ट काढलं आणि ते अडून बसले. कारण वर पाहिलं तेच. महिना सांगितलेला मुलगा म्हणतो, ‘त्याला माहीत नाही हे मला माहीत आहे’. हे त्यानं स्वतः ताडलं की कोणी त्याला सांगितलं? ताडलं असेल तर अख्ख्या महिन्यांच्या रांगा जातात, सांगितलं असेल तर फक्त एकट्या तारखा.

मराठीत लिहिताना आणखी काही खाचखळगे आहेत. ‘तुला कळणार नाही’ याचा अर्थ आत्ता कळलेलं नाही, की पुढे कितीही बोललो तरी कळायचं नाही? दुसरा अर्थ फार मोठं विधान करतो. ‘आधी मला माहीत नव्हतं’ यातलं ‘आधी’ कशाच्या आधी, चिठ्ठी वाचण्याच्या की तुझं वाक्य ऐकण्याच्या? चिठ्ठीच्या आधी तर कोणालाच माहीत नव्हतं, त्यानं एकही टिंब जात नाही. आणि आपल्याकडचं ‘आपल्याला नाही बा माहीत’! बोलणारा एकट्याबद्दल बोलतो की दोघांबद्दल? बोलीत ते ‘मला’ असतं, पण कागदावर वाचणारा ‘आपण दोघांना’ असं घेऊ शकतो. तसं घेतलं तर ते तिसऱ्या प्रकाराचं धारदार वाक्य होतं आणि उत्तर बदलतं. कोड्यात बोली जरूर आणा, वाचायला गोड लागते, पण ज्या शब्दावर टिंबं खोडली जाणार तिथे प्रमाण आणि लांबट वाक्यच लिहा.

उत्तर निघालं की उलट तपासणी केल्याशिवाय पेन्सिल खाली ठेवू नका. फुटाळा–मंगळवार खरं धरा आणि संवाद एकेकाच्या डोळ्यांनी पुन्हा चालवा. चिठ्ठी पाहायची मुभा आत्ता आहे. मुक्ताकडे फुटाळा, म्हणजे ओंकारकडे मंगळवार किंवा गुरुवार. दोन्ही वारांना दोन दोन जागा आहेत, म्हणून त्याला कळलेलं नाही ही तिची खात्री रास्त. ओंकारकडे मंगळवार, त्याला फुटाळा किंवा अंबाझरी. दोन्हींत सोमवार, शनिवार नाहीत, म्हणून मुक्ताच्या बोलण्यानं त्याचं काही सुटत नाही आणि तो खरंच ‘अजूनही नाही’ म्हणतो. मुक्ता विचार करते, गुरुवार असता तर महाल गेल्यावर त्याला फुटाळा कळला असता, कळला नाही, म्हणजे मंगळवार. शेवटी ओंकार: अंबाझरी असती तर मुक्तापुढे तीन वार उरले असते, ती ‘समजलं’ म्हणाली नसती, म्हणजे फुटाळा. चारही वाक्यं खरी ठरली. याला पाच मिनिटं लागतात आणि चूक असेल तर ती इथे पकडली जाते.

आता चौथ्या मुलाचा प्रश्न. मला तो तिन्ही उत्तरांपेक्षा मोलाचा वाटतो. ‘माहीत नाही’मध्ये जागेबद्दल किंवा वाराबद्दल काहीच नाही, हे त्याचं खरं आहे. ते वाक्य बोलणाऱ्याबद्दल आहे. पण बोलणाऱ्याला काय दिसत होतं हे आपल्याला ठाऊक असल्यामुळे, काय दिसलं असतं तर तो असं बोलला नसता हेही ठाऊक होतं. तेवढी टिंबं गेली. मात्र यासाठी ‘मला ठाऊक’ पुरत नाही. ‘मला ठाऊक आहे हे तुला ठाऊक, आणि ते तुला ठाऊक आहे हे मला ठाऊक’ अशी साखळी लागते. ही साखळी मोठ्यानं बोलल्यानंच तयार होते. तिचं काम गुलालाच्या जुन्या कोड्यात सगळ्यात स्वच्छ दिसतं.

विसर्जनाहून पाच मुलं परतली, तिघांच्या कपाळाला गुलाल. प्रत्येकाला इतरांची कपाळं दिसतात, स्वतःचं नाही. आजोबा सगळ्यांदेखत म्हणतात, ‘तुमच्यापैकी निदान एकाच्या कपाळाला गुलाल आहे.’ मग टाळी वाजवतात. ज्याला स्वतःबद्दल खात्री असेल त्यानं त्या टाळीला हात वर करायचा. पहिल्या टाळीला कोणी नाही. दुसऱ्या टाळीला कोणी नाही. तिसऱ्या टाळीला गुलालवाले तिघंही एकदम हात वर करतात.

एकाच्याच कपाळाला असता तर त्याला बाकी सगळे कोरे दिसले असते आणि पहिल्याच टाळीला हात गेला असता. दोघांच्या असता तर प्रत्येकाला एकच गुलालवाला दिसला असता. तो पहिल्या टाळीला गप्प राहिलेला पाहून दुसऱ्या टाळीला दोघांनाही कळलं असतं. दुसरी टाळीही रिकामी गेली, म्हणजे तीन किंवा जास्त. ज्याला दोनच दिसत आहेत तो तिसरा. मुलं कितीही असोत, जितक्यांना गुलाल तितक्याव्या टाळीला हात वर जातात.

पण आजोबांनी नवीन काय सांगितलं? प्रत्येकाला निदान दोन गुलाल डोळ्यांसमोर दिसत होते, ‘निदान एक’ तर सगळ्यांना आधीच माहीत. तरीही ते वाक्य काढून टाकलं तर शंभर टाळ्यांनंतरही एकही हात वर जात नाही. दोनच गुलालवाले घेऊन बघा, म्हणजे गाठ सुटते. अ ला ब चा गुलाल दिसतो, ब ला अ चा. निदान एक आहे हे दोघांनाही माहीत. पण अ ला स्वतःचं कपाळ कोरं असू शकतं असं वाटतं, आणि तसं असेल तर ब ला एकही गुलाल दिसत नसेल. म्हणजे ‘निदान एक आहे हे ब ला माहीत आहे’ हेच अ ला माहीत नाही. आजोबा सगळ्यांसमोर बोलले आणि ते भोक बुजलं. तीन गुलालवाले असतील तर भोक आणखी एक मजला खाली असतं, इतकंच.

म्हणून आजोबांनी प्रत्येकाच्या कानात वेगळं सांगितलं तर काही उपयोग नाही. व्हॉट्सॲपवरचा फरक लक्षात घ्या. ग्रुपवर टाकलेला निरोप सगळ्यांना मिळाला हे सगळ्यांना दिसतं. ब्रॉडकास्टनं पाठवलेला तोच निरोप प्रत्येकाला एकट्यालाच आल्यासारखा वाटतो. मजकूर तोच, पण गुलालाचं कोडं पहिल्यानं सुटतं, दुसऱ्यानं नाही. तत्त्वज्ञ डेव्हिड लुईस यांनी १९६९ मध्ये आणि गणिती अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट ऑमन यांनी १९७६ मध्ये या साखळीला काटेकोर रूप दिलं. कोड्यात ती त्याआधीच होती. इंग्रज गणिती लिटलवुड यांनी १९५३ मध्ये रेल्वेच्या डब्यातल्या, तोंड मळलेल्या आणि एकमेकींना हसणाऱ्या तीन बायकांच्या रूपात ती मांडली होती.

वर्गात हा खेळ प्रत्यक्ष करायचा असेल तर हात एकदमच वर गेले पाहिजेत. एकेकाला विचारत गेलात तर उत्तर बदलतं. तीन मुलं, तिघांनाही गुलाल, आजोबांचं वाक्य तेच. पहिला म्हणतो माहीत नाही: म्हणजे दुसरा आणि तिसरा यांपैकी निदान एकाला गुलाल आहे. दुसरा म्हणतो माहीत नाही: तिसरा कोरा असता तर दुसऱ्याला स्वतःचं कळलं असतं, म्हणजे तिसऱ्याला गुलाल आहे. तिसरा म्हणतो, मला आहे. आणि इथे खेळ संपतो. पहिल्या दोघांना कितीही फेऱ्या विचारा, त्यांना कधीच कळत नाही, कारण तिसऱ्याचं उत्तर त्यांच्या कपाळावर अवलंबूनच नव्हतं. दुसरी अडचण माणसांची. एका मुलानं घाईनं चुकून हात वर केला की सगळ्यांची मोजणी कोसळते. सहावी-सातवीच्या मुलांसोबत दोन गुलालांपर्यंत खेळ बरा चालतो. तीनला बहुतेक वेळा कोणीतरी गडबडतं, आणि बाकीच्यांना तो गडबडलाय की खरंच कळलंय हे ओळखता येत नाही.

मोठ्या तक्त्याचं प्रसिद्ध उदाहरण डच गणिती हान्स फ्रॉइडेन्थाल यांचं, १९६९ चं. १ पेक्षा मोठ्या दोन वेगळ्या पूर्ण संख्या, बेरीज जास्तीत जास्त १००. एकाला बेरीज सांगितली, दुसऱ्याला गुणाकार. गुणाकारवाला: मला संख्या माहीत नाहीत. बेरीजवाला: ते मला आधीच ठाऊक होतं. गुणाकारवाला: मग आता कळल्या. बेरीजवाला: मलाही. उत्तर ४ आणि १३.

इथे तक्ता कागदावर मावत नाही, पण खोडायची तऱ्हा तीच. बेरीजवाल्याचं वाक्य धारदार प्रकारातलं आहे, म्हणून अख्ख्या बेरजा जातात: दोन वेगळ्या मूळ संख्यांत फोडता येणारी कुठलीही बेरीज, आणि ५४ च्या वरच्या सगळ्या. ५४ च्या वरच्या का? तिथे एक संख्या ५३ घेता येते, आणि ५३ मूळ असल्यामुळे तो गुणाकार मर्यादेत एकाच तऱ्हेनं फुटतो. ६ आणि ५१ याही जातात, कारण २ × ४ आणि १७ × ३४ हे गुणाकारही मर्यादेत एकाच तऱ्हेनं फुटतात. उरतात दहा बेरजा: ११, १७, २३, २७, २९, ३५, ३७, ४१, ४७, ५३. आता १७ पाहा. ५२ म्हणजे ४ × १३ किंवा २ × २६. दुसऱ्याची बेरीज २८, ती यादीत नाही, म्हणून गुणाकारवाल्याला ४ आणि १३ कळतात. १७ चे बाकीचे गुणाकार ३०, ४२, ६०, ६६, ७०, ७२ हे यादीतल्या दुसऱ्या एखाद्या बेरजेतही बसतात, म्हणून ते गळतात. एकच गुणाकार उरला, म्हणून बेरीजवाल्यालाही कळलं. ११ मध्ये १८ आणि २४ दोन्ही चालतात, म्हणून तिथे शेवटचं ‘मलाही’ खोटं पडतं. उरलेल्या बेरजा तुम्ही तपासून बघा, हातानं तासभराचं काम आहे.

याची खरी शिकवण मर्यादेत आहे. गणिती कोड्यांचे अमेरिकी लेखक मार्टिन गार्डनर यांनी १९७९ मध्ये हे कोडं छापताना आकडेमोड कमी व्हावी म्हणून दोन्ही संख्यांना २० ची मर्यादा घातली. उत्तर तेच राहील असं वाटलं होतं. पण २० च्या आत ५२ फक्त ४ × १३ असाच फुटतो, २६ बाहेर पडतो. म्हणजे गुणाकारवाल्याला पहिल्याच क्षणी कळलं असतं आणि ‘मला माहीत नाही’ खोटं झालं असतं. कोड्याला उत्तरच उरलं नाही. चौकट लहान केली की सोपं होतं असं नाही, टिंबांचे शेजारी बदलतात.

स्वतः कोडं रचायचं असेल तर तक्त्याकडे शिडीसारखं बघा. आपल्या बारा टिंबांत एक शिडी आहे: सोमवार, सदर, रविवार, महाल, गुरुवार, फुटाळा, मंगळवार, अंबाझरी. शेजारशेजारच्या दोन नावांची जोडी म्हणजे एक टिंब. प्रत्येक साधं ‘माहीत नाही’ शिडीचं सुटं टोक कुरतडतं. शनिवार ही महालला जोडलेली बाजूची फांदी, ती पहिल्याच घासात जाते. अंबाझरी आणि धरमपेठ मात्र बुधवार-शुक्रवारनं दोन्ही बाजूंनी बांधलेले आहेत, तिथे वेटोळं झालंय. वेटोळ्याला टोक नसतं. ओंकारपासून सुरू करून दोघांनी आळीपाळीनं नुसतं ‘नाही, नाही’ केलं तर सात वेळांत आठ टिंबं जातात आणि हे चार शिल्लक राहतात. पुढे दोघं रामटेकपर्यंत ‘नाही’ म्हणत गेले तरी त्यातलं एकही सुटणार नाही. म्हणून शिडीची लांबी म्हणजे संवादाची लांबी, आणि टोकाला एक वेटोळं ठेवा, म्हणजे शिडी एकाच बाजूनं कुरतडली जाते.

दहा ते चौदा टिंबं पुरेत. मग प्रत्येक टिंब खरं धरून पूर्ण संवाद चालवा. बरोबर एकच टिंब शेवटपर्यंत टिकलं पाहिजे. दोन टिकली तर कोडं सैल, एकही नाही तर कुठलं तरी वाक्य खोटं. नंतर एकेक वाक्य झाकून पुन्हा बघा. झाकूनही उत्तर तेच येत असेल तर ते वाक्य सजावट आहे. आपल्या कोड्यात ओंकारचं ‘आता मलाही’ सजावटच आहे, तिन्ही वाचनांत त्याच्याशिवाय उत्तर तेच येतं. ठेवायला हरकत नाही, पण आपण ते ठेवतोय हे माहीत असावं.

नावंही जपून. जागा आणि वार यांचं कोडं नागपुरात रचताना इतवारी, मंगळवारी, बुधवारी, शुक्रवारी, शनिवारी ही तिथल्या भागांची नावं घेऊ नका. मुलं तक्ता सोडून नावात उत्तर शोधतात, आणि योगायोगानं बरोबर आलं तर त्यांना समजावून सांगणं फार जड जातं.

फळ्यावरचं कोडं दुरुस्त करायला थोडेच शब्द लागतात. ‘थोडा वेळ कोणीच बोललं नाही’ हे वाक्य कोणत्याही उत्तरासाठी पुसूनच टाका. फुटाळा–मंगळवार हवं असेल तर मुक्ताच्या तोंडी हे द्या: ‘मला वार समजला नाही. आणि माझ्या चिठ्ठीवरूनच मी खात्रीनं सांगते, की तुलाही जागा समजलेली नाही.’ सदर–रविवार हवं असेल तर तिचं दुसरं वाक्य गाळा, ‘मला वार समजला नाही’ एवढंच ठेवा. महाल–गुरुवार हवं असेल तर संवाद ओंकारनं सुरू करावा, ‘मला जागा समजली नाही’. त्यावर मुक्ता म्हणेल, ‘हे ऐकूनही मला वार समजला नाही’, मग ओंकार, ‘हे ऐकूनही मला जागा समजली नाही’, आणि पुढे मुक्ताचं ‘मग मला समजलं’ आहे तसंच.